चंद्रपूर-गडचिरोलीत बसून परदेशाचं काम मिळेल का? आधी भरवसा, मग जाहिरात



व्हिडिओमध्ये वेळेअभावी जे मुद्दे धावत घेतले, ते इथे सविस्तर मांडतो. वही-पेन जवळ ठेवा, कारण मध्ये एक हिशोब आहे आणि शेवटी गृहपाठ.

आपला प्रश्न सरळ आहे. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम बंगळूरला येतं, पुण्याला येतं, आता नागपूरलाही येतं. मग ते चंद्रपूरला, मूलला, आरमोरीला, अहेरीला का येत नाही? आणि यायचं असेल तर आपण नेमकं काय करायचं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "सर, आपल्याकडे स्वस्तात काम होते, पण कोणाला माहीतच नाही. जाहिरात पाहिजे." मी म्हणतो, थांबा. आपल्या देशाकडे हे काम कसं आलं तो इतिहास एकदा नीट बघा. स्वस्त तर आपण सुरुवातीपासूनच होतो, तरी काम यायला पुष्कळ वर्षं लागली. मधल्या काळात काय बदललं, तेच आज शिकायचं आहे.

ऑफशोअरिंग म्हणजे काय?

आपलं काम दुसऱ्या देशात पाठवून तिथल्या माणसांकडून करून घेणं म्हणजे ऑफशोअरिंग. ते काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं असेल, हिशोब ठेवण्याचं असेल, फोनवर ग्राहकाला उत्तर देण्याचं असेल, नाहीतर फोटोतली वस्तू ओळखून त्यावर खूण करण्याचं असेल.

आता स्वतःला ग्राहकाच्या खुर्चीत बसवा. तुमचं दुकान चंद्रपुरात आहे आणि हिशोबाच्या वह्या दहा हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाकडे पाठवायच्या आहेत. तुम्ही पहिला प्रश्न दराचा विचाराल का? नाही. तुमच्या मनात चार भीती येतील.

१. संपर्क तुटला तर?
२. काम चुकीचं झालं तर?
३. माझी माहिती बाहेर गेली तर?
४. वेळेवर मिळालं नाही तर?

दराचा विचार या चार भीतींनंतर येतो. ज्या देशाने या भीती कमी केल्या, त्याच्याकडे काम गेलं. जिल्ह्याचं आणि तुमच्या पाच माणसांच्या युनिटचंही तसंच आहे.

भारताने एकेक भीती कशी घालवली

पहिली भीती संपर्काची. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली आणि उपग्रहाच्या दुव्यावरून इथलं काम थेट परदेशात पाठवू लागली. त्या काळी घरी साधा टेलिफोन घ्यायचा तर वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. प्रत्येक छोट्या कंपनीला स्वतःचं उपग्रह केंद्र परवडणारं नव्हतं. म्हणून सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले. सुरुवातीच्या तीन ठिकाणांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर आपलं पुणेही होतं. १९९१ मध्ये हे सगळे पार्क एसटीपीआय या एका संस्थेखाली आले. छोट्या कंपनीने तिथे नोंदणी करायची आणि सामायिक दुवा वापरायचा. जोडीला निर्यातीच्या नफ्यावर आयकरात सवलत मिळाली आणि ती २०११ पर्यंत चालली. सवलतीची चर्चा फार होते, पण सवलत देऊनही दुवा नसता तर काम आलं असतं का, याचा विचार करा.

दुसरी भीती दर्जाची. भारतीय कंपन्यांनी १९९० च्या दशकात आयएसओ आणि सीएमएम ही प्रमाणपत्रं मिळवण्याचा सपाटा लावला. सीएमएम ही अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने तयार केलेली मोजपट्टी. काम किती शिस्तीने होतं हे ती पाच पातळ्यांत मोजते. त्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च पाचवी पातळी मिळवणाऱ्या जगातल्या केंद्रांमध्ये मोठा वाटा भारतातल्या केंद्रांचा होता. गंमत बघा, ग्राहकाच्याच देशात बनलेली मोजपट्टी घेतली आणि तिच्यावर स्वतःला मोजून दाखवलं. "आमचं काम चांगलं आहे हो" असं सांगत बसावं लागलं नाही.

तिसरी भीती माहिती बाहेर जाण्याची. त्या वेळी भारतात सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जात. नॅसकॉम या उद्योगाच्या संघटनेने चोरीविरुद्ध मोहीम घेतली, कायद्यासाठी पाठपुरावा केला आणि १९९४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. धंद्याची बदनामी करणारी गोष्ट झाकून न ठेवता धंद्यातल्याच लोकांनी ती पुढे आणली, हे लक्षात घ्या.

चौथी भीती वेळेची. इथे संधी चालून आली. सन २००० जवळ आलं तसं जगभरच्या जुन्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच अंकी लिहिलेलं असल्याने गोंधळ होणार, हे दिसू लागलं. वायटूके म्हणतात ते हेच. काम कंटाळवाणं होतं आणि लाखो ओळी तपासायच्या होत्या. मुदत तर अशी, की १ जानेवारी २००० कुणाला पुढे ढकलता येणार नव्हती. भारतीय कंपन्यांनी ते काम घेतलं आणि मुदतीत दिलं. अनेक परदेशी कंपन्यांचा भारताशी पहिला व्यवहार या निमित्ताने झाला. दार उघडणारं पहिलं काम बहुतेक वेळा असं रटाळच असतं. ते नीट केलं तर पुढचं मोठं काम मिळतं.

आणि या सगळ्याला एक आवाज होता. नॅसकॉमची स्थापना १९८८ मध्ये ३८ कंपन्यांनी मिळून केली. एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या या कंपन्या देशाचं नाव सांगताना मात्र एकत्र उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकात देवांग मेहता संघटनेचे प्रमुख होते. देशोदेशी जाऊन उद्योगाचे आकडे मांडणं, शिष्टमंडळं नेणं, सरकारपाशी पाठपुरावा करणं ही कामं त्यांनी २००१ मध्ये निधन होईपर्यंत केली. आज भारताची या क्षेत्रातली निर्यात वर्षाला २०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

क्रम पाहिलात ना? आधी दुवा, दर्जा, विश्वास आणि मुदत. मग जाहिरात. आपण हा क्रम उलटा करतो. आधी व्हिजिटिंग कार्ड, मग फेसबुक पेज, आणि काम आलं की "वीज गेली होती सर."

दोन खोल्यांचा प्रयोग

आता तुम्हाला उपयोगी पडेल असा एक किस्सा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम अमेरिकेत केंब्रिज शहरात राहत होते. कागदावरची माहिती कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात टाइप करून द्यायची आणि ते काम भारतात करून घ्यायचं, असा विचार होता. पण एवढ्या लांबून काम जमेल का? त्यांनी घरातच तपासून पाहिलं. घराचा एक भाग अमेरिका, दुसरा भाग भारत. नियम एकच: दोन्ही बाजूंनी तोंडाने बोलायचं नाही, फक्त लेखी सूचना द्यायच्या. लेखी सूचनेवरून काम बरोबर झालं तर ते समुद्रापलीकडेही होईल.

यातून पुढे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. तिथे काम केलेल्या मंडळींनी बाहेर पडून १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपये भांडवलावर इन्फोसिस सुरू केली. ती बंगळूरला गेली नंतर. म्हणजे या धंद्याच्या मुळाशी दोन खोल्या आणि एक लेखी सूचना आहे.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता, खर्च शून्य. दोन माणसं दोन खोल्यांत बसवा. एकाने काम लिहून द्यायचं, दुसऱ्याने ते करायचं, मध्ये फोन नाही, "अरे म्हणजे असं" नाही. पहिल्याच दिवशी समजेल की आपल्याकडे काम बिघडतं ते कौशल्य नसल्यामुळे कमी आणि सूचना अर्धवट असल्यामुळे जास्त. दहा वेळा केलात की तुमच्या हातात लेखी कार्यपद्धतीची वही तयार होईल. ती वही म्हणजे तुमचं सीएमएम.

आपल्या दोन जिल्ह्यांकडे काय आहे?

आता घरी येऊ. इथे गोड बोलून उपयोग नाही, दोन्ही बाजू मांडतो.

अडचणी आधी. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाचा. जिल्ह्यात प्रवासी रेल्वेचं स्टेशन म्हणायचं तर उत्तरेच्या टोकाला वडसा. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत मोबाइलची रेंज शोधत फिरावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रह इंटरनेटसाठी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली आणि त्यात गडचिरोलीचं नाव आहे. चांगली गोष्ट आहे. पण इरादापत्र म्हणजे कनेक्शन नव्हे. जे आज हातात आहे त्यावरच ग्राहकाला शब्द द्या.

चंद्रपूरची बाजू वेगळी. इथे २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आहे, बल्लारपूरचा कागद कारखाना आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नागपूर साधारण दीडशे किलोमीटरवर. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएलसारख्या कंपन्या आहेत, पर्सिस्टंटचंही नागपुरात केंद्र आहे. म्हणून चंद्रपूरच्या युनिटचा पहिला ग्राहक न्यूयॉर्कचा असायलाच पाहिजे असं नाही. नागपूरच्या छोट्या आयटी फर्मकडे परदेशातून आलेल्या कामाचा एक तुकडा तुमच्याकडे आला, तरी सुरुवात झाली.

आता जमेची बाजू, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गडचिरोली जिल्ह्यात सात भाषा बोलल्या जातात: गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगडी. सिरोंचाला तेलुगू ऐका, चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली ऐका, कोरचीकडे छत्तीसगडी ऐका. आजवर आपण याला मागासपणाची खूण समजत आलो. पोरगं गोंडी बोलतं म्हणून शाळेत गप्प बसतं, असंच पाहिलं.

आज कॉम्प्युटरला भाषा शिकवायची तर माणसांचा आवाज लागतो, वाक्यं लागतात आणि ती तपासणारे जाणकार लागतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या जवळपास ३० लाख आहे, तरी इंटरनेटवर गोंडी मजकूर नावापुरता. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी भाषिणी हा उपक्रम सुरू केला. आदिवासी भाषांच्या अनुवादासाठी आदी वाणी हे साधन सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, त्यात संथाळी, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडी आहे. हे काम बंगळूरच्या काचेच्या इमारतीत होऊ शकत नाही. तिथे गोंडी बोलणारी माणसं आणायची कुठून?

असं काम खेड्यात होतं याचं उदाहरणही आहे. कार्या ही संस्था मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या एका प्रकल्पातून निघाली आणि २०२१ पासून स्वतंत्रपणे काम करते. साध्या स्मार्टफोनवर वाक्य वाचून आवाज रेकॉर्ड करायचा, असं त्यांचं मुख्य काम. इंटरनेट सतत लागू नये अशी त्यांच्या अ‍ॅपची रचना आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत मराठी आवाजही महाराष्ट्रातल्या गावातल्या आणि वस्तीतल्या लोकांकडून गोळा केला गेला. त्यांनी ताशी किमान पाच डॉलरच्या आसपास मोबदला जाहीर केला, हे आकडा म्हणून लक्षात ठेवा. पुढच्या हिशोबात उपयोगी पडेल.

चंद्रपूरकरांसाठी आणखी दोन दिशा सुचवतो. खाण, वीज, सिमेंट यांत वर्षं काढलेली माणसं तुमच्याकडे आहेत. जुनी कागदी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आणणं, यंत्रांच्या देखभालीची कागदपत्रं लावणं हे काम त्यांच्या नजरेखाली चांगलं होईल. दुसरं जंगलाचं: नकाशे, झाडांची ओळख, प्राण्यांच्या फोटोंवरच्या खुणा. ताडोबाच्या शेजारी वाढलेल्या पोराला बिबट्या आणि रानमांजर यांतला फरक शिकवावा लागत नाही. ज्ञान जिथे आहे, तिथेच काम मागा.

मेंढा (लेखा) गावाकडून शिका

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात अशी पहिली काही गावं, त्यातलं हे एक. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. गाव हटलं नाही. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर ग्रामसभेने स्वतःच्या नावाने बांबू विकला आणि पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला.

कॉम्प्युटरच्या धंद्यात बांबूचं काय काम, असं म्हणाल. नीट बघा. बांबू तोच होता, कापणारे हातही तेच होते. फरक पडला तो पावती कोणाच्या नावाने फाटते यामुळे. आपल्या डेटाच्या कामातही हेच होतं. परदेशी कंपनी पैसे देते, ते एका मोठ्या फर्मकडे येतात, मग शहरातल्या कंत्राटदाराकडे, मग एजंटकडे, आणि शेवटी टाइप करणाऱ्या ताईच्या हातात चिल्लर पडते. तुमचं बिलाचं पुस्तक तुमच्या नावाचं असलं पाहिजे.

दुसरा धडा कोरचीचा. तिथे अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आणि तेंदूपत्त्याचा लिलाव एकत्र केला. एकेकटं गाव व्यापाऱ्यासमोर लहान पडतं, एकत्र आलं की व्यापारी चालत येतो. ३८ कंपन्यांनी नॅसकॉम काढताना हेच केलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या दहा छोट्या युनिटांनी मिळून एकच यादी, एकच दरपत्रक आणि एकच तपासणीची पद्धत ठेवली, तर कुठल्याही कंपनीला "आमच्याकडे साठ माणसं आहेत" असं सांगता येईल. एकट्याकडे सहा असतात.

भाषेच्या कामात एक पथ्य मात्र पाळा. भाषा गावाची आहे. आवाज कशासाठी घेतला जातोय, कोणाकडे जाणार आणि किती पैसे मिळणार, हे ग्रामसभेत सांगा आणि बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ग्राहकही हे विचारणारच.

आता हिशोब: दर कसा काढायचा?

समजा, १,००० फोटोंवर खुणा करायचं काम आहे. एका फोटोला ४० सेकंद लागतात.

- खुणा करणं: ४०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ११ तास.
- चौथा हिस्सा दुसऱ्याने तपासणं: २५० फोटो, सुमारे ३ तास.
- एकूण १४ तास.
- माणसाला ताशी १०० रुपये द्यायचे तर १,४०० रुपये.
- वीज, इंटरनेट, बॅकअप, कॉम्प्युटरची झीज: धरा ३०० रुपये.
- चुका सुधारणं आणि तुमचा नफा: ३०० रुपये.

एकूण २,००० रुपये, म्हणजे फोटोमागे २ रुपये.

आता एजंट येतो आणि म्हणतो, "६० पैसे देतो, काम भरपूर आहे." ६०० रुपयांतून ३०० खर्चाचे गेले, तुमचा नफा शून्य धरला, तरी राहिले ३००. भागिले १४ तास, म्हणजे ताशी साधारण २१ रुपये. आठ तासांचे १७० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला मातीकामाच्या जवळपास निम्म्या मजुरीवर बसवून आपण जिल्ह्याचं नाव काढणार आहोत का? असं काम "भरपूर" असेल तर तोटाही भरपूर. आणि दोन महिन्यांत ती मुलगी पुण्याची गाडी पकडेल.

म्हणून सांगतो, "सर्वांत स्वस्त" ही जाहिरात करू नका. तुमच्यापेक्षा स्वस्त माणूस उद्या दुसऱ्या कुठल्यातरी देशात सापडतोच.

ही धोक्याची घंटा ओळखा

"घरबसल्या डेटा एंट्री, महिना ३० हजार, रजिस्ट्रेशन फक्त २,५०० रुपये." आपल्या भागातली किती मुलं यात अडकली असतील! पद्धत ठरलेली असते. आधी फी घेतात. मग न वाचता येणाऱ्या फाइली आणि अशक्य मुदत देतात. मग "अचूकता ९० टक्क्यांच्या खाली" म्हणून पैसे नाकारतात, आणि वर करारभंगाची वकिली नोटीस पाठवून दंड मागतात.

एकच नियम पाठ करा: काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. नोटिशीला घाबरून पैसे भरू नका, आधी वकिलाला दाखवा.

कागदपत्रं किती लागतात?

वाटतं तेवढी नाहीत. उद्यम नोंदणी मोफत आहे. फर्मच्या नावाने चालू खातं उघडा. परदेशातून पैसे येतील तेव्हा बँकेकडून परकीय रकमेचा दाखला मागून जपून ठेवा. सेवा निर्यातीवर जीएसटी शून्य दराने आहे. नोंदणी असेल तर एलयूटी भरून कर न लावता बिल देता येतं. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी सॉफ्टेक्स नावाचा फॉर्मही असतो. तुमच्या कामाला काय लागू होतं ते सीएला एकदा बसून विचारा. पाच-दहा जण मिळून काम करणार असाल तर उत्पादक कंपनी, सहकारी संस्था की भागीदारी, हेही तेव्हाच ठरवा.

सरकारी योजनांबद्दल एवढंच. लहान शहरांत बीपीओ जावेत म्हणून केंद्राने इंडिया बीपीओ प्रमोशन योजना आणली होती. एका आसनामागे एक लाख रुपयांपर्यंत मदत, आणि पुणे-मुंबईसारखी मोठी शहरं त्यातून वगळली होती. त्या योजनेची मुदत संपली. पुढे दुसरी येईल तेव्हा तिचा फायदा त्यालाच होईल, ज्याच्याकडे आधीपासून चालू युनिट आणि ग्राहकाची बिलं असतील.

आता जाहिरात करा, पण अशी

चुकीची जाहिरात: "सर्व प्रकारची डेटा एंट्री सर्वांत कमी दरात करून मिळेल."

बरोबर जाहिरात: "गोंडी, माडिया, तेलुगू आणि मराठी बोलणारी ८ प्रशिक्षित माणसं. प्रत्येक काम दोन नजरांखालून जातं. दोन वेगळी इंटरनेट कनेक्शन आणि ४ तासांचा वीज बॅकअप. जुलै-ऑगस्टमध्ये दुर्गम गावांतल्या रेकॉर्डिंगला ५ दिवस जास्त लागतात. सोबत ५० नमुने जोडले आहेत, तपासून बघा."

पावसाळ्याचं वाक्य मुद्दाम घातलंय. तुम्हाला वाटेल, कमीपणा कशाला सांगायचा? पण ज्याने पुराचे दिवस आधीच सांगितले, त्याच्या बाकीच्या तारखांवर ग्राहक विश्वास ठेवतो. यात संपर्क, दर्जा आणि वेळ या तीन भीतींना उत्तर आहे आणि दराचा उल्लेखही नाही.

वेळेचाही फायदा सांगा. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ असतात, ऋतूप्रमाणे. त्यांचं आजचं काम आपल्याकडे सकाळी सुरू होतं आणि ते ऑफिसात येईपर्यंत तयार असतं. सातला अर्धा तास व्हिडिओ कॉल ठेवा, रात्रभर जागायची गरज नाही.

या महिन्याचा गृहपाठ

पहिला आठवडा: दोन खोल्यांचा प्रयोग दहा वेळा करा. सूचना कुठे अपुरी पडली ते वहीत लिहा.

दुसरा आठवडा: इंटरनेट आणि वीज रोज किती वेळ गेली याची नोंद ठेवा. हा तुमचा पहिला खरा आकडा. जाहिरातीत तोच जाईल.

तिसरा आठवडा: ५० नमुने तयार करा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, चुकांची टक्केवारी काढा. वर दाखवल्याप्रमाणे स्वतःचा दर काढा आणि त्याच्या खाली जाणार नाही असं ठरवा.

चौथा आठवडा: आपल्या तालुक्यातली आणखी दोन युनिटं शोधा, चहाला बोलवा, वह्या एकमेकांना दाखवा. मग नागपूरच्या पाच फर्मना नमुन्यांसकट पत्र पाठवा.

पाचांपैकी चार उत्तर देणार नाहीत, हे आताच सांगून ठेवतो. पाचवा एखादं छोटं, रटाळ, घाईचं काम देईल. ते मुदतीच्या एक दिवस आधी द्या.